मुरुमच्या फायनलला म्हाळसाबाई गप्प

म्हाळसाबाईचा आवाज म्या पयल्यांदा ऐकला तवा म्या चुलीपुढं बसलेले होते आन् ती दोन शेतं पल्याड होती. मला वाटलं दारातच कुणी भांडायला आलंय. भाईर येऊन बघते तर दारात कुत्रंबी न्हाय. लांब माळावर एक बाई मेंढरांना हाळी देत होती आन् मेंढरं अशी वळत होती की जणू कुणी दोरीच ओढली.

तवा ती नुकतीच लग्न होऊन येरमाळ्यात आलती. सासू रोज म्हणायची, "सुनंचा आवाज उंबऱ्याच्या आत ऱ्हावा." म्हाळसाबाई म्हणायची, "आत्याबाई, म्या तर उंबऱ्याच्या आतच बोलते. त्यो आपला आपण भाईर जातो, त्याला म्या काय करू?"

नवरा बिभीषण लई मऊ माणूस. त्याचं बोलणं ऐकायला त्याच्या तोंडापशी कान न्यावा लागतो. त्यो म्हणतो, "देवानं आमाला दोघांचा मिळून आवाज दिलता. वाटणी करायची ऱ्हाऊन गेली." पर कळप सांभाळला तो तिच्या आवाजानं. वढ्याच्या या काठाला ती बसायची आन् त्या काठाची मेंढरं हाकंसरशी पाण्यातून यायची. पुढं लेक कुमार एसटीत कंडक्टर झाला, मेंढरं विकली, पाच-सात शेळ्या ठिवल्या. आवाज मात्र कळपाएवढाच ऱ्हायला.

एका चैती जत्रंत भोंगा बंद पडला आन् लातूरकडच्या एका बाईचं पोरगं हरवलं. बाई रडून बेजार. म्हाळसाबाई पाण्याच्या टँकरवर चढली आन् पोराच्या नावानं हाळी दिली. पोरगं रसवंतीवरनं रडत आलं. त्याच्यासंगं आणखी दोन पोरं आली, ती तर हरवलीबी नव्हती. भ्याली आन् आली.

आता या बाईचा आन् रग्बीचा काय संबंध, ते सांगते.

चार-पाच वर्सांमागं शाळंत शुभांगी मॅडम आल्या. त्यांनी पोरींना एक येडाबागडा चेंडू आणून दिला. गोल न्हाय, लांबट, वाळल्या भोपळ्यागत. त्यो उशाला घ्यायचा का भाजीला चिरायचा, आमाला कळंना. खेळ मंजी असा, की चेंडू काखंत मारून पळायचं आन् समोरच्यांच्या रेघंपल्याड जाऊन जमिनीला टेकवायचा. समोरच्या पोरी कमरंला धरून आडवं पाडणार. माझी नात आरोहीबी त्यात खेळती. दोन सालामागं तिची कोपरं बघून तिच्या आईनं मॅडमशी भांडण काढलं. मॅडम म्हणल्या, "ताई, तिनं चार जणींची कोपरं फोडलीत, ते बघा की." तवापासून सूनबाई गप्प. मनातनं खूश.

त्या खेळात एक नियम हाय. चेंडू पुढं फेकायचा न्हाय, फकस्त मागं टाकायचा. पळायचं पुढं आन् द्यायचं मागं. मंग मागं कोण हाय ते दिसावं कसं? देवानं पाठीला डोळं दिलं न्हाईत. म्हाळसाबाईची नात सृष्टी वाऱ्यागत पळायची, पर चेंडू कुणाला द्यावा ते कळत न्हाय म्हणून धरली जायची. पटांगणाच्या कडंला म्हाळसाबाई शेळ्या घेऊन बसलेली असायची. एक दिवस तिला ऱ्हावंना. वरडली, "सृष्टे, लिंबाकडं! आरोही लिंबाकडं हाय!" सृष्टीनं न बघता डाव्या अंगाला, लिंबाच्या झाडाकडं चेंडू टाकला. आरोहीनं झेलला आन् रेघंपल्याड नेऊन टेकवला.

मंग तेच ठरलं. डावा हात मंजी लिंब, उजवा हात मंजी सडक. दुसऱ्या गावाला खेळायला गेलं तरी म्हाळसाबाई लिंब आन् सडकच म्हणायची. कळंबला तर समोरची माणसं मैदानाभोवती लिंबाचं झाड हुडकत बसली.

तरी भूमच्या पोरी आमाला हरवायच्या. एक साल न्हाय, दोन सालं. भूमच्या बाजारात आमचे दीर हिंमतराव गेले की तिथली माणसं इचारायची, "काय हिंमतराव, औंदा किती मार खाणार?" भाऊजींची चाळीस एकर जमीन, दारात जीप, पर त्या बाजारातनं मान खाली घालून यायचे.

औंदा भूमच्या मॅचच्या आदी म्या आन् म्हाळसाबाई येडाईच्या डोंगरावर गेलो. म्या नारळ फोडला. ती म्हणली, "नारळ काय, दुकानात मिळतो. आपल्यापाशी जे लई हाय तेच देवीला द्यावं." आन् हात जोडून म्हणली, "आई, आमच्या पोरींनी भूमला पाडलं, तर पुनवंपस्तोर तोंडातनं शबूद काढणार न्हाय." हे तिनं मनातल्या मनात म्हणलं असं तिला वाटलं. सगळ्या रांगंला ऐकू गेलं. मागची एक बाई म्हणली, "आजी, देवीनं ऐकलं बरं का. आता हळू."

भूमला पाडलं. असं पाडलं की इचारू नका. शेवटाला सृष्टी पळत होती, तीन पोरी तिच्यावर पडत होत्या आन् म्हाळसाबाईची हाळी गेली, "सडकंला, सडकंला!" तेवढ्यात काम झालं. हिंमतराव भाऊजींनी भूमच्याच दुकानातनं पेढे घेतले आन् भूमच्याच माणसांना वाटले. म्हाळसाबाईनं पेढा तोंडात घातला, डोंगराच्या दिशेला हात जोडले आन् तोंड मिटलं.

तवर शुभांगी मॅडम पळत आल्या. म्हणल्या, "चला, आता फायनल! मुरुमला हाय, पुनवंच्या आदल्या दिवशी."

म्या म्हणलं, "फायनल? मंग ही आत्ता झाली ती कोणती?"

"आजी, ही सेमीफायनल."

बगा आता. दोन सालं आमी भूमशी हरून घरी यायचो. भूमच्या पुढं आणखी काय असतंय, हे गावात कुणाला ठावं असणार? आमाला वाटलेलं भूम मंजीच शेवट. म्हाळसाबाईनं माझ्याकडं बघितलं, म्या तिच्याकडं बघितलं. तोंडात पेढा होता, तो तिला गिळंना.

त्यानंतर रोज सांजच्याला हिंमतराव भाऊजींच्या वट्ट्यावर बैठक. तुरीच्या हिरव्या शेंगा मिठात उकडून घमेलं मधी ठिवायचं आन् फायनलचा इचार करायचा. आमच्या गावात जिंकायची शंका कुणालाच नव्हती. शेंगा सोलता सोलता समदे मुरुमला हरवायचे.

भाऊजी म्हणायचे, "मुरुमच्या पोरी म्या बघून आलोय. अंगानं दांडग्या हायेत, पर वळताना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीगत वळतात. आपली सृष्टी दोनदा फिरून येईल तवर."

मुरुमला त्यांचा वळखीचा एक माणूस हाय, माणिकप्पा. तिथल्या बाजारात त्याची अडत हाय, आन् पोरींच्या टीमचा लई नाद. त्याचा फोन यायचा. भाऊजी फोन मोठ्या आवाजावर ठिवायचे.

"काय हो हिंमतराव, येताना पोरींसाठी मलम घेऊन या बरं का. आमच्या मुरुमला औषधाची दुकानं लवकर बंद होतात."

भाऊजी म्हणायचे, "मलम तुमीच आणून ठिवा माणिकप्पा, तुमालाच लागंल."

"आन् त्या आजी येणार न्हवं? भोंग्यावाल्या? त्यांचा बंदोबस्त केलाय बगा आमी. हलगीवाले बोलावलेत. आजींनी तोंड उघडलं की हलगी. कसली सडक आन् कसला लिंब!"

भाऊजींनी फोन ठिवला आन् समद्यांनी म्हाळसाबाईकडं बघितलं. ती शेंग सोलत होती. मुरुमला आजून ठावंच नव्हतं की आमचा भोंगा देवीनं ठिवून घेतलाय.

भाऊजी म्हणले, "म्हाळसाबाई, नवस फिरवून घेऊ की. फायनलपुरतं बोला, मंग पुनवंच्या पुढं दुप्पट दिवस गप्प ऱ्हावा. देवीचा हिशेब बराबर."

बिभीषण लांब बसलेला. तो पयल्यांदाच मोठ्यानं बोलला, "दुप्पट? आवं, मलाबी इचारा की! घरात एवढं सामसूम हाय की मला झोप येईना झालीय. रातच्याला उठून बघतो, जिती हाय का म्हणून."

समदे हसले. म्हाळसाबाईनंबी हसून पदर तोंडाला लावला, पर मान हलवली. न्हाय.

भाऊजींना दुसरी युगत सुचली. "मंग असं करा. शेळ्यांना तुमी हुर्र हुर्र करताच की, ते काय बोलणं न्हाय. पोरींनाबी तसंच हुर्र करा. एक हुर्र मंजी लिंब, दोन हुर्र मंजी सडक."

सृष्टी तिथंच दाराला टेकून उभी होती. भाऊजींना म्हणली, "आप्पा, म्या काय शेळी हाय का?"

म्हाळसाबाईनं पोरीकडं बोट दाखवलं, मंग जिभंकडं, मंग डोंगराकडं. मला कळलं. शेळीला हाक मारणं काम हाय, नातीला हाक मारणं बोलणं हाय. देवीला फसवायचं कसं? देवी काय भूमच्या बाजारातली हाय?

वट्ट्यावर समदे जिंकत होते, पर पटांगणात हाल होते. म्हाळसाबाई कडंला बसायची तशीच बसायची, फकस्त गप्प. सृष्टी पळता पळता मान वळवून मागं बघायची आन् बघितलं की आडवी व्हायची. पुन्हा उठायची, पुन्हा मान वळवायची. गुडघं सोलून निघालं. एक दिवस चिडून आरोहीवर वरडली, "तू मागं असतीस न्हवं? मंग सांगाया काय होतंय तुला? तोंड हाय का न्हाय?"

तोंड हाय, पर आमची आरोही लई हळू. लहानपणी भूक लागली तर भांड्याला हात लावून उभी ऱ्हायची, मागायची न्हाय. आमच्या घराण्यात एवढं गरीब पोरगं कसं आलं, देव जाणे. त्या दिवशी ती घरी आली आन् माझ्या मांडीवर डोकं ठिवून म्हणली, "आजी, मोठ्यानं कसं वरडायचं?"

म्या म्हणलं, "ते मला इचारून काय फायदा? माझा आवाज तुझ्या आज्याला शेजारच्या खोलीत ऐकू जात नव्हता. चल, जिला येतंय तिच्याकडं जाऊ."

म्हाळसाबाई माळावर शेळ्यांपाशी होती. म्या सांगितलं, "हिला वरडायला शिकीव." तिनं माझ्याकडं असं बघितलं, जणू म्या पांगळ्याला डोंगर चढायला सांगितलं.  मंग आरोहीला जवळ वढलं. पोरीच्या पोटावर, बरगडीखाली, आपला तळहात ठिवला आन् दाबला. दुसरा हात पोरीच्या गळ्याला लावून बोट हलवलं: हितनं न्हाय. पोटाकडं बोट दाखवलं: हितनं.

आरोही म्हणली, "लिंब."

शेळ्या चरत ऱ्हायल्या.

म्हाळसाबाईनं पोटावर पुन्हा दाबलं. पाय लांब करायला लावले. हनुवटी वर केली. "लिंब," पोरगी म्हणली. एका शेळीनं कान हलवला, माशी बसली असंल. सूर्य खाली आला, तरी म्हाळसाबाई सोडंना. पोरीला आपल्यापासनं लांब नेऊन उभं करायची, मंग आणखी लांब. आरोहीच्या डोळ्यात पाणी आलं. मला वाटलं आता म्हणावं, बास कर बाई, न्हाय जमत तिला. तवर कसं झालं कुणास ठावं, रागानं झालं का रडू येऊन झालं, पोरीनं हाताच्या मुठी केल्या आन् वरडली, "लिंऽऽब!"

साऱ्या शेळ्यांनी एकदम माना वर केल्या. तोंडातला पाला तोंडातच. एक करडू तर पळून आईच्या पोटाखाली गेलं.  म्हाळसाबाईनं आरोहीचं तोंड दोन्ही हातांत धरलं आन् पोरीच्या कपाळावर कपाळ टेकवलं.

दुसऱ्या दिवशी पटांगणात सृष्टी पळाली, मागनं आवाज आला "सडक!" आन् तिनं न बघता चेंडू टाकला. बरोबर पडला. मंग दुसऱ्या पोरीबी वरडायला लागल्या. एकीनं तोंड उघडलं की बाकीच्यांची भीती मोडती. पटांगण निस्तं मासळी बाजार झालं. शुभांगी मॅडम कानावर हात ठिवून हसत होत्या. म्या म्हाळसाबाईकडं बघितलं. लेकानं पयला पगार आणून हातात ठिवला की आईचं तोंड जसं होतंय, तसं झालतं. आनंद तर होताच. आन् आता ह्यो आपल्यापाशी काय मागणार न्हाय, हेबी त्यात होतं.

मुरुमला जायच्या आदल्या सांजच्याला म्हाळसाबाईनं मला खुणंनं सांगितलं की ती येणार न्हाय. तोंडावर हात ठिवला, मंग हात घसरला, तोंड उघडलं. मंजी तिथं गेले तर ऱ्हावणार न्हाय, नवस मोडंल. शेळ्यांकडं बोट दाखवलं, की ह्यांना कोण बघणार.

सृष्टी घरातनं आली. तिनं समदं बघितलेलं. म्हणली, "आजी, शेळ्या आज्या बघंल. तू चल."

म्हाळसाबाईनं मान हलवली.

"वरडायला न्हाय बोलावत. आता आरोही हाय वरडायला, तूच तयार केलीस. आता तू एकटीनं कशाला वरडावं? तू बघायला चल." पोरगी तिच्यापुढं बसली. "तू आजवर माझी एकबी मॅच बघितली न्हाईस. माझ्या मागं कोण हाय, तेवढंच बघायचीस. म्या कशी पळते, कदी बघितलंस का?"

म्हाळसाबाईचं तोंड उघडता उघडता ऱ्हायलं. घरात जाऊन तिनं पेटीतनं हिरवं इरकल लुगडं काढलं आन् बिभीषणाच्या हातात शेळ्यांची काठी दिली. बिभीषण म्हणला, "म्या सांभाळतो. पर पुनवंच्या दुसऱ्या दिवशी मला समदी मॅच सांगायची बरं का, आवाज कमी न करता."

सकाळी पोरी शाळंच्या गाडीत, आन् आमी भाऊजींच्या जीपमधी. तुळजापूर गेलं, नळदुर्ग गेलं. वाटंत भाऊजींनी मुरुमला सहा येळा हरवलं. येणेगूरच्या पुढं आत वळलो आन् मुरुमच्या मैदानापाशी उतरलो, तर माणिकप्पा दारातच. लई तब्येतीचा माणूस, कपाळाला भस्म. मागं दोन हलगीवाले आन् मुरुमची पाच-पन्नास माणसं.

"या या! या आजी, या. वाट बघतोय तुमची. चालू करा की तुमचं लिंब आन् सडक."

म्हाळसाबाईनं हात जोडले आन् पुढं चालली.

माणिकप्पा तिच्यामागं. "आजी, चहा?"

तिनं चहा घेतला. बशीत वतून सावकाश प्याली. बशी परत दिली.

"अय्यो, आजी बोलत का न्हाईत हो?"

नवसाचं सांगावं का न्हाय, म्हणून म्या भाऊजींकडं बघितलं. भाऊजींनी मिशीवरनं हात फिरवला. "काय की बुवा. सकाळपासनं अशीच हाय. म्या इचारलं तर निस्ती हसती."

आता ही काय खोटी गोष्ट न्हवं. हसतच होती ती.

माणिकप्पाचं तोंड उतरलं. मुरुमची माणसं गोळा झाली आन् त्यांची कुजबूज सुरू झाली. एक म्हणला, "म्हातारी गप्प हाय, कायतरी शिजतंय." दुसरा म्हणला, "नवीन खुणा काढल्या असतील, हाताच्या. हातावर ध्यान ठिवा." तिसरा म्हणला, "आवं, ती पदर सारखा करतीया, त्यात काय असंल?" म्हाळसाबाईनं पदर डोक्यावर घेतला, तशी दोघं जणं मैदानात पोरींना सांगायला पळाले.

आमी मैदानाच्या कडंला सावलीत बसलो. माणिकप्पानं दोन्ही हलगीवाले आणून बराबर म्हाळसाबाईच्या समोर बसवले आन् बजावलं, "पोरी वरडंनात का, तिकडं बघू नका. ह्या आजींवर नजर ठिवा. ह्यांनी तोंड उघडलं की वाजवायचं, त्याआदी एक टिपरीबी न्हाय. न्हायतर हात दमतील."

ते दोघं बिचारे टिपरू उचलून तिच्या तोंडाकडं बघत बसले. पल्याड आमच्या पोरी मैदानात पळून अंग मोकळं करत होत्या. आरोहीची हाळी आली, "सडऽऽक!" आन् पार मुरुमच्या बाजारापस्तोर गेली असंल. हलगीवाल्यांनी तिकडं ढुंकून बघितलं न्हाय. त्यांचं काम हितं होतं.

म्हाळसाबाईनं कनवटीची चंची काढली, पानाला चुना लावला, सुपारी ठिवली आन् तोंड उघडलं. दोघांच्या हलग्या कडाडल्या. तिनं पान तोंडात घातलं आन् तोंड मिटलं. हलग्या थांबल्या. माणिकप्पानं घाम पुसला. आमची माणसं हसून हसून खाली पडली आन् हिंमतराव भाऊजी तिथनंच भूमच्या कुणाला तरी फोन लावायला लागले, की या, मुरुमचं कसं होतंय बघायला या.

पंचानं शिट्टी वाजवली. म्हाळसाबाईनं पान एका गालाला सारलं, डोळ्यांवर हाताची सावली धरली आन् सृष्टीकडं बघत बसली.